मोटारगाडीतील गारवा आणि ऊब : पालीच्या वाटेवरून एक साधनविचार

प्रस्तुत टिपणाचा विषय इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. एखाद्या जुन्या, संग्राह्य ठरलेल्या मोटारीतून तिच्या कारखान्याने बसवलेले वातानुकूलनाचे यंत्र काढून टाकावे, मात्र ऊब देणारे यंत्र, म्हणजे हीटर, शाबूत ठेवावे, असे मालकाच्या मनात आले, तर तो प्रश्न सामान्यतः गॅरेजमध्येच सुटतो; विद्यापीठाच्या दारापर्यंत तो येत नाही. परंतु काय काढले, काय राखले, आणि या दोहोंपैकी मूळचे कोणते, हे तीन प्रश्न ज्या वस्तूविषयी विचारता येतात ती वस्तू इतिहासाचे साधन होते. ताम्रपटाविषयी, पोथीविषयी आणि देवळाविषयी आपण हे प्रश्न नित्य विचारतो. मोटारीविषयी ते अद्याप फारसे विचारले गेलेले नाहीत.

विचाराचे स्थळ म्हणून रायगड जिल्ह्यातील, सुधागड तालुक्याचे मुख्य ठाणे असलेले पाली हे गाव घेतले आहे. याचे कारण भौगोलिक आहे. अष्टविनायकांपैकी सहा स्थाने घाटावर आहेत. महड आणि पाली ही दोनच घाटाखाली, कोकणात आहेत. अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेली मोटार त्यामुळे एकाच फेरीत दोन निराळ्या हवामानांतून जाते. मोरगाव-सिद्धटेकचा कोरडा उन्हाळा, बोरघाटाची उतरण आणि मग खोपोलीहून पालीकडे येणारा, पावसाळ्यात कमालीचा ओला असा पट्टा, हे सर्व तिला दोन-तीन दिवसांत सोसावे लागते. मोटारीत गारवा कशासाठी आणि ऊब कशासाठी, याची परीक्षा पाहण्यास इतकी सोयीची वाट महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आरंभी कालक्रम स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. मोटारीत ऊब प्रथम आली आणि गारवा पुष्कळ नंतर आला. उघड्या मोटारींच्या काळात थंड देशांतील प्रवासी पायाशी तापवलेल्या विटा किंवा निखाऱ्यांची पेटी ठेवीत. पुढे इंजिनाच्या धुराच्या नळीची उष्णता आत घेण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यानंतर इंजिनास थंड ठेवणारे गरम पाणी एका लहानशा जाळीतून खेळवून तिच्यावर पंख्याने हवा सोडण्याची रीत रूढ झाली, आणि तीच टिकली. हीटर म्हणजे वस्तुतः रेडिएटरचे धाकटे भावंड; इंजिनास नकोशी झालेली उष्णता ते प्रवाशाच्या पायांकडे वळवते. तिच्यासाठी जादा इंधन लागत नाही. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून व तापवून आत सोडणारी योजना आपल्या गाड्यांत आणली. तापमान आपोआप राखण्याची सोय पुढच्या वर्षी तिला जोडली गेली.

गारव्याची कथा याहून खडतर आहे. पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या गाड्यांसाठी, कारखान्यातून बसवलेले शीतयंत्र प्रथम विक्रीस काढले. त्याची किंमत २७४ डॉलर होती. गार करणारी कॉइल मागील सामानाच्या पेटीत असे, आणि कॉम्प्रेसर थांबवण्याची कळच नव्हती. यंत्र बंद करायचे तर इंजिन थांबवून, पुढचे झाकण उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. अशा यंत्राचा फारसा खप झाला नाही यात नवल नाही. दोन वर्षांत ते बंद पडले. युद्धानंतर, १९५३ मध्ये, क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी हा प्रयत्न नव्याने केला, तेव्हाही यंत्राचा बराच भाग मागील पेटीतच होता. १९५४ मध्ये नॅशने ऊब, गारवा आणि वायुवीजन ही तिन्ही एकाच योजनेत गोवून पुढच्या बाजूस, चालकासमोरील फळीमागे आणली. पुढील काळातील सर्व मोटारींच्या यंत्रणेचे मूळ येथे आहे.

ही १९५४ ची सीमारेषा अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. तिच्या अलीकडच्या गाड्यांत हीटर एका ठिकाणी आणि शीतयंत्र दुसऱ्या ठिकाणी असे दोन स्वतंत्र संसार आहेत. एक काढल्याने दुसऱ्यास धक्का लागत नाही. तिच्या पलीकडे, जसजशी वर्षे उलटली तसतशी, दोन्ही यंत्रे एका पेटीत आली, एकाच पंख्यावर चालू लागली, आणि गरम व गार हवेचे प्रमाण एकाच झडपेने ठरू लागले. तेव्हा अमुक मोटारीतून गारवा काढून ऊब राखणे सोपे आहे की अवघड, यावरून ती मोटार या विकासाच्या कोणत्या थरात पडते हे सांगता येते. उत्खननात थर जसे बोलतात तशीच ही गोष्ट आहे.

आता या कालक्रमाशी मुंबईचा इतिहास ताडून पाहू. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांतून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता; फोर्ड कंपनीचाही व्यवहार येथे होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर घराण्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे अमेरिकेत जे निघेल ते थोड्याच अवधीत मुंबईच्या रस्त्यावर दिसावे अशी परिस्थिती होती. परंतु १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असा अभिप्राय दिला की, ज्या कंपन्या क्रमाक्रमाने येथेच भाग बनवण्यास तयार असतील त्यांनीच या धंद्यात राहावे. सरकारने तो स्वीकारला, आणि १९५४ पर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी आपले येथील काम आवरले. प्रीमियरने त्याच सुमारास इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही लहान गाडी पुढे आणली, आणि तीच नावे बदलत अखेर प्रीमियर पद्मिनी झाली.

या दोन घटनांचा योग विलक्षण आहे. अमेरिकेतील मोटारींत कारखान्याचे शीतयंत्र रुजू लागले ते वर्ष १९५३; आणि अमेरिकन गाड्या मुंबईत जोडण्याचे थांबले तेही १९५३-५४ मध्येच. दार उघडले आणि त्याच क्षणी बंदही झाले. फियाट ११०० चे इंजिन चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे. कॉम्प्रेसरला त्यातील पाच-सहा अश्वशक्ती देऊन घाट चढणे तिला परवडणारे नव्हते. परिणामी सुमारे तीन दशके महाराष्ट्रातील सामान्य मोटारीचे वातानुकूलन म्हणजे दाराच्या खिडकीतील त्रिकोणी काच होती. ती तिरपी वळवली की वारा बरोबर छातीवर येई. ज्यांनी त्या गाड्यांतून प्रवास केला आहे त्यांना तिची किंमत सांगावयास नको. मधल्या काळात ज्यांना गारवा हवाच होता त्यांनी बाजारातील शीतयंत्र फळीखाली टांगून घेतले. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, तिच्या पाठोपाठची हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा, प्रीमियरची ११८ एनई, या पिढीपासून कारखान्याचे शीतयंत्र आपल्याकडे हळूहळू रूढ होत गेले.

यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. आपल्याकडील १९८० पूर्वीच्या मोटारीत शीतयंत्र आढळले, तर ते बहुधा मागाहून घातलेले, म्हणजे पाठचिकित्सेच्या परिभाषेत प्रक्षेप होय. याउलट १९८० नंतरच्या गाडीत किंवा परदेशातून तयार आलेल्या मोठ्या गाडीत ते मूळ संहितेचाच भाग असण्याचा संभव आहे. ‘जुन्या गाडीतले एसी काढले’ या एकाच वाक्याने दोन्ही प्रसंगांचे वर्णन केले जाते. पण पहिल्या प्रसंगी संहिता शुद्ध होते आणि दुसऱ्या प्रसंगी ती खंडित होते.

तथापि कोकणात ऊब राखण्याचा खटाटोप करावाच का, ही शंका वाचकाच्या मनात आली असेल. पालीपासून जवळच उन्हेरे येथे गरम पाण्याचे झरे आहेत. मे महिन्यात तर अंबेच्या खोऱ्यात उष्णतेची वाण मुळीच नसते. ऊब यंत्राने निर्माण करावी असा हा मुलूख नव्हे. शंका रास्त आहे, पण तिच्यात पावसाळ्याचा विसर पडलेला आहे.

सुधागडच्या परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. भाद्रपदातील उत्सवास येणारी मोटार याच काळात पालीस येते. काचा लावलेल्या, आत चार-पाच माणसे आणि त्यांचे ओले कपडे. बाहेरून पावसाचे पाणी वाहत असल्याने पुढची काच गार झालेली असते. आतील दमट हवा तिच्यास लागताच दव धरते, आणि दोन मिनिटांत चालकास रस्ता दिसेनासा होतो. काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याचा जुन्या चालकांचा उपाय सर्वश्रुत आहे. तो बाहेरच्या पाण्यापुरता काही चालतो, आतल्या दवापुढे त्याची मात्रा फारशी चालत नाही. मग एका हाताने चक्र आणि दुसऱ्या हातात फडके, असा वाकण ते पाली हा प्रवास होतो. वळणावळणाच्या रस्त्यावर, समोरून एस. टी. येत असता, ही गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाही.

शीतयंत्र या संकटाचे निवारण हवा सुकवून करते. गार कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. उभ्या मोटारीखाली दिसणारे ते थेंब म्हणजे आतल्या हवेतून काढलेला दमटपणाच होय. हीटर तेच काम निराळ्या मार्गाने करतो. हवेतील बाष्प तो कमी करीत नाही, परंतु हवा व काच तापवून दव धरण्याची परिस्थिती नाहीशी करतो. २५ अंशांवरील जवळजवळ संपृक्त हवा ३६ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे निम्म्यावर येते. प्रवाशांना ते सुखाचे वाटत नाही हे खरे. पण काच स्वच्छ राहते. तेव्हा शीतयंत्र काढल्यावर पावसाळ्यात काच साफ ठेवणारे एकच यंत्र गाडीत उरते, आणि तेही काढून टाकणारा मनुष्य कोकणात राहणारा नसावा. ऊब राखावी, आणि ती काचेकडे नेणारी नळीही राखावी. हवा बाहेरून घ्यावी. आतलीच फिरवत ठेवली तर श्वासाची वाफ वाढतच जाते.

दुसरे प्रयोजन घाटाचे आहे. १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रस्ता, आणि आज त्याच्या शेजारून जाणारा द्रुतगती मार्ग, दोन्ही खोपोलीच्या पातळीपासून खंडाळ्यापर्यंत थोडक्या अंतरात सुमारे पाचशे मीटर चढतात. पालीहून पुण्याकडे परतणारी जुनी गाडी हा चढ चढताना तापते. शीतयंत्राचा काँडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि आपली उष्णता येणाऱ्या हवेत सोडतो. म्हणजे इंजिनाच्या वाट्यास आधीच ऊन झालेला वारा येतो. यावरचा चालकांचा परंपरागत उपाय ऐकणाऱ्यास उफराटा वाटतो. ते गारवा बंद करतात, हीटर पुरता उघडतात आणि पंखा मोठा करतात. त्यायोगे काँडेन्सरची उष्णता थांबते, कॉम्प्रेसरचे ओझे उतरते, आणि इंजिनाच्या पाण्यातील उष्णता आतल्या जाळीवाटे बाहेर पडते. प्रवासी घामाघूम होतात, गाडी मात्र वर चढते. हीटर हे रेडिएटरचे धाकटे भावंड असल्याचे वर म्हटले, त्याचा प्रत्यय येथे येतो.

शीतयंत्र काढण्याची वेळ मुळात का येते, त्याचा उलगडा वायूच्या इतिहासात आहे. थॉमस मिजले याने १९२८ च्या सुमारास शोधलेल्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील आर-१२ हा वायू अनेक दशके मोटारीतील शीतयंत्रांचा प्राण होता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हा वर्ग ओझोनच्या थरास घातक असल्याचे मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास जाहीर झाला. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि २०१० च्या आरंभापासून अशा वायूंचे सर्वसाधारण उत्पादन येथे बंद झाले. नवा आर-१३४ए वायू जुन्या यंत्रात तसाच भरता येत नाही. जुन्या यंत्रातील खनिज तेल त्यात मिसळत नाही, जुन्या रबरी नळ्यांतून तो सहज झिरपतो, आणि त्याचे दाबही निराळे असतात. यंत्र रूपांतरित करण्यास खर्च येतो. न केल्यास ते केवळ वजन म्हणून वाहावे लागते. या कोंडीतून काढून टाकण्याचा विचार उद्भवतो. येथे एक सूचना आवश्यक आहे. जुन्या यंत्रात आर-१२ उरला असेल तर नळी सैल करून तो हवेत सोडू नये. यंत्राने ओढून तो टाकीत घ्यावा. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१२ हा सुमारे १०,९०० किलो कर्बद्विप्राणिलाइतका तापकारक धरला जातो, आणि ओझोनची हानी ती वेगळीच.

प्रत्यक्ष काढण्याची रीत गाडीच्या थरानुसार बदलते. फळीखाली टांगलेले यंत्र काढणे सोपे: पट्टा, कॉम्प्रेसर, काँडेन्सर, कॉइल आणि नळ्या निघाल्या की काम झाले. जपानी घडणीच्या लहान गाड्यांपैकी पुष्कळांत पंखा, गार कॉइल आणि हीटर या तीन पेट्या एका ओळीत जोडलेल्या असतात. मधली पेटी काढून तिच्या जागी, शीतयंत्र नसलेल्या त्याच गाडीत असे, तसा साधा पोकळ नळ बसवला की पंख्याची हवा थेट हीटरला मिळते. कारखान्यानेच दोन पाठ सिद्ध केले होते. आपण एकाकडून दुसऱ्याकडे जातो इतकेच. खरी अडचण मोठ्या अमेरिकन गाड्यांची. तेथे कॉइल आणि हीटर एकाच पेटीत, एकाच झडपेच्या दोन बाजूंस नांदतात. कॉइल उपटून काढली तर पेटीस भगदाड पडते, हवा इंजिनाच्या कप्प्यातून आत येते, आणि ऊब राखण्याचा हेतूच फसतो. अशा वेळी पेटी तशीच ठेवून कॉइलची भोके नीट बुजवावीत, अथवा शीतयंत्राविना विकल्या गेलेल्या त्याच नमुन्याची हीटरची पेटी व तिच्यामागचा पत्रा मिळवून बसवावा. गरम पाण्याची तोटी घट्ट मिटते ना, हेही पाहावे. पूर्वी तिची गळती गारव्याने झाकली जात असे, आता ती वैशाखात पायांना जाणवेल.

कायद्याची दृष्टी या बाबतीत मोघम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळते. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. शीतयंत्राचा उल्लेख नाही. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिनची सनद अधिक विचारपूर्वक लिहिलेली आहे. तिचा आदर्श इमारतींसंबंधीची १९६४ ची व्हेनिसची सनद हा होता, आणि त्या सनदेत सर्व कालखंडांनी घातलेली उचित भर आदरणीय मानली आहे. हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. पालीच्या बल्लाळेश्वराचे मूळचे लाकडी देऊळ जाऊन १७६० मध्ये दगडी देऊळ उभे राहिले. तेथील युरोपीय घडणीची घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर अर्पण केली अशी परंपरा आहे. मूळचे नाही म्हणून ती घंटा उतरवावी असे कोणी म्हणणार नाही. या न्यायाने एखाद्या जुन्या अमेरिकन गाडीत मुंबईच्या कारागिराने १९६० च्या सुमारास बसवलेले शीतयंत्र हा प्रक्षेप असला, तरी तो येथील कारागिरीचा पुरावा आहे; त्याला भंगारात घालण्याचा अधिकार केवळ मालकीतून येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मग काढूच नये काय? तसेही म्हणता येत नाही. गाडी चालती राहिली तरच ती राहते. बोरघाटात दर वेळी उकळणारी गाडी लवकरच शेडमध्ये गंजत पडते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती येथे मार्गदर्शक आहे. डॉ. सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संहितेतून जे वगळले ते फेकून दिले नाही. तळटीपांत व परिशिष्टांत अनुक्रमांक देऊन छापले. वगळलेला श्लोक कोठे होता आणि कोणत्या पोथ्यांत होता, हे वाचकास आजही कळते. मोटारीचे परिशिष्ट म्हणजे काढलेल्या भागांची पेटी, काढण्यापूर्वीची छायाचित्रे, आणि कोणता भाग कोठून, कोणत्या साली, कोणत्या कारणाने काढला याची गाडीच्या कागदांबरोबर ठेवलेली नोंद. नवी भोके पाडू नयेत, आणि जुनी बुजवताना वितळजोड करण्याऐवजी पत्रा पेचांनी बसवावा, म्हणजे पुढील मालकास परतण्याची वाट राहते.

नोंद नसलेल्या गाड्यांच्या बाबतीत अभ्यासकाने खुणांवरून वाचन करावे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची अखेरची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्याने आता त्या पिढीच्या गाड्या संग्राहकांकडे व भंगारवाल्यांकडेच पाहावयास मिळतील, तेव्हा हे काम लवकर व्हावे. फळीच्या खालच्या कडेस रांगेत पडलेली चार भोके टांगलेल्या यंत्राची खूण असू शकतात. इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्यावर कारखान्याचीच गोल छिद्रे रबरी बुचांनी मिटवलेली असतील, तर जागा दोन्ही पाठांसाठी राखलेली होती असे समजावे. रेडिएटर आपल्या नमुन्यापेक्षा जाड असला, तर गाडी शीतयंत्रासह विकली गेली असावी. आणि सर्व काही काढून स्वच्छ केलेल्या गाडीतही इंजिनाच्या पुढच्या पुलीवर कधीकधी दोन खाचा आढळतात. एकीवर पंख्याचा पट्टा फिरत असतो; दुसरी रिकामी असते, आणि तिच्या तळाशी जुन्या पट्ट्याच्या रबराची काळी रेघ अजून दिसते.